पंखा बरोबर होता

श्रीगोंद्याकडे एका चहाच्या टपरीवर आजही सांगतात की, मेजरनं पंखा चुकीचा निवडला म्हणून ते विमान बसलं. तो मेजर म्हणजे मी. खरं तर मेजर मी कधीच नव्हतो. हवाई दलात जमिनीवरचा तंत्रज्ञ होतो. विमानांचे प्रोपेलर उतरवणं, तपासणं, परत चढवणं यातच माझी नोकरी संपली. पण आमच्या नगर जिल्ह्यात फौजेतून निवृत्त होऊन आलेला माणूस गावात उतरला की मेजरच होतो, मग तो तिथे स्वयंपाकी का असेना. आणि प्रोपेलरला तिकडे सगळे पंखा म्हणतात. माझ्याही तोंडात आता तोच शब्द बसलाय.

पंखा बरोबर होता. हे एक वाक्य मला कुठेतरी लिहून ठेवायचं होतं. पण नुसतं तेवढं लिहिलं तर तेही अर्धंच खरं ठरेल, म्हणून सगळंच लिहितो.

विमान माझ्या मित्राचं. तो ऊसवाला बागायतदार. उतारवयात हौसेनं पुण्याकडे जाऊन उडवायला शिकला, लायसन काढलं, आणि दक्षिणेतल्या कुणाकडून तरी अर्धवट जुळवलेलं दोन माणसांचं छोटं विमान टेम्पोत घालून घरी आणलं. मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टर होता तिथे विमान आलं आणि ट्रॅक्टर बाहेर बाभळीखाली गेला. कुणीतरी त्याला माझा पत्ता दिला. मी निवृत्त होऊन नगरात बसलो होतो, सकाळी फिरायला जाणं आणि दुपारी पेपर वाचणं एवढंच काम. तो मोटारसायकलवर दारात आला आणि बूट न काढताच म्हणाला, "मेजर, तुमी पंख्याचे डॉक्टर हाय म्हनं. आमचं पेशंट बघता का?"

पेशंट वाचणारं नव्हतं. विमानाबरोबर आलेला पंखा लाकडाचा, थर चिकटवून एकसंध केलेला. प्रवासात कुठेतरी आपटला होता आणि आमच्याकडच्या कोरड्या हवेनं उरलंसुरलं काम केलं होतं. एका पात्याच्या टोकाला लाकडाचे थर सुटले होते. मी नखानं टोकरून दाखवलं.

"चिकटवून न्हाई का चालनार?"

"चालेल की. घराच्या दिवाणखान्यात टांगायला."

तो मोठ्यानं हसला. त्या हसण्यावरच आमची मैत्री झाली असं मला वाटतं.

मग नवा पंखा कोणता, हा प्रश्न आला. त्याला तसाच दुसरा लाकडी पंखा हवा होता, स्वस्त आणि हलका. मी त्याला शेडच्या दारात बसवून समजावलं. पंख्याचं पातं हवेत तिरपं बसवलेलं असतं. तो तिरपेपणा कमी ठेवला तर इंजिन मोकळं फिरतं, विमान पटकन उचलतं, पण वर गेल्यावर वेग येत नाही. जास्त ठेवला तर वर छान पळतं, पण जमीन सोडताना रडतं. लाकडी पंख्यात हा तिरपेपणा एकदा कोरला की कोरला.

त्यानं क्षणभर विचार केला. "म्हंजी ट्रॅक्टरला एकच गिअर. नांगरटीचा, न्हाईतर रस्त्याचा."

"अगदी बरोबर."

"आन् तुमी मला गिअरबॉक्स घ्यायला सांगताय."

आमची अडचण पट्टीची होती. विमान उडवायला जागा एकच, जवळच्या साखर कारखान्याची जुनी धावपट्टी. ती आखूड होती. तिच्या एका टोकाला ऊस आणि उसाच्या पलीकडे विजेच्या तारा. वर आमचा उन्हाळा. तापलेली हवा पातळ होते, पंख्याला तिच्यात पकड मिळत नाही. दोघं बसून एप्रिलात तिथून उठायचं तर नांगरटीचा गिअर हवाच. आणि आम्हाला जायचं होतं भंडारदऱ्याला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे रस्त्याचाही हवा.

भंडारदरा माझा हट्ट. वडील प्राथमिक शिक्षक, त्यांची बदली तिकडे अकोले तालुक्यात झाली तेव्हा माझी पहिली शाळा त्या डोंगरांत झाली. धरणाच्या भिंतीवरून मी खालचं पाणी बघत राहायचो. आयुष्यभर विमानांच्या सोबतीनं राहिलो, पण बसलो ते मालवाहू विमानाच्या पोटात, खिडकी नसलेल्या जागी. ते पाणी वरून एकदा बघायचं होतं. मित्राला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "पयली चक्कर तिकडंच. दांडकं माझ्याकडं, पंखा तुमच्याकडं."

हे तो उगाच बोलला नव्हता. मी मनात जो पंखा धरला होता त्याची पाती उडता उडता फिरवता येत. मध्यभागी छोटी मोटर, आणि समोर एक बटण. वर ढकललं की तिरपेपणा कमी, खाली ढकललं की जास्त. पण ते चालवणाऱ्याला आरपीएमच्या काट्यावर सतत नजर ठेवावी लागते. विसरला तर इंजिन एकतर ओरडतं नाहीतर गुदमरतं. एकट्या वैमानिकाला, तेही उतारवयात शिकलेल्याला, ते ओझंच. म्हणून ते बटण उजवीकडच्या माणसानं सांभाळायचं आणि उजवीकडे मी बसायचं, असं आमचं ठरलं. शेडमध्ये आम्ही सरावही करायचो. तो तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचा, मी हवेत बोट दाबायचो. वहिनी चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "नातवंडं बरी यांच्यापेक्षा."

माझ्या घरी याहून वाईट होतं. "आपल्या माजघरातला पंखा खडखड करतोय दिवाळीपासून," बायको म्हणायची, "आणि हे निघालेत विमानाचा निवडायला."

त्या हिवाळ्यात मी पुन्हा नोकरीवर असल्यासारखा जगलो. कागदांवर वजनं मांडायचो. दोन आसनी विमानात पंख्याचं वजन नाकावर येतं. नाक जड झालं तर मागे काहीतरी सरकवावं लागतं, आणि एकूण वजनाला मर्यादा असतेच. एकदा मी हिशोब करत असताना मित्र म्हणाला, "मेजर, तुमीच थोडं कमी व्हा की. तुमचं पोट गेलं तर लोखंडी पंखा बसंल." मी हसलो, पण त्या दिवसापासून भात सोडला. वहिनींच्या हातची शेंगोळीसुद्धा वाटीभरच घ्यायचो. कमरेचा पट्टा आत आत गेला. बायकोला वाटलं, साखर निघाली.

आणि मग तो बदलायला लागला. मला तेव्हा बदल वाटला नाही, काळजी वाटली.

एक दिवस तो म्हणाला, "मेजर, ह्यात आटोमॅटिक येतं ना?"

येतं. त्यात इंजिनाचं तेल पंख्याच्या बुंध्यात शिरतं आणि गव्हर्नर नावाचा एक छोटा डबा त्या तेलावर पाती आपोआप फिरवतो. वैमानिकानं एकदा दांडी लावून दिली की इंजिनाची गती तीच राहते, विमान चढो की उतरो. आमच्या इंजिनाचा दांडा आतून पोकळ होता, म्हणजे तेलाला वाट होती आणि ते बसण्यासारखं होतं. पण जड, महाग, आणि आम्हाला कशाला? बटण सांभाळायला मी होतो.

"तुमी हाय, पन," तो म्हणाला आणि बाहेर बाभळीकडे बघत राहिला. "एकट्या मानसालाबी जमलं पायजे."

मी त्याचा अर्थ माझ्या वयाशी लावला. माझी छाती मध्यंतरी दुखली होती, चार दिवस दवाखान्यात राहिलो होतो. मला वाटलं, हा माणूस मी गेल्यानंतरचा विचार करतोय आणि तो बोलून दाखवायला लाजतोय. मला भरून आलं. खरंच सांगतो, परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो.

मग मीच आटोमॅटिकच्या बाजूनं कारणं शोधायला लागलो. ती होतीही. मोटरवाल्या पंख्यात वीज पोचवायला छोटे ब्रश असतात, आमच्या धुळीत ते किती टिकतील कोण जाणे. तेलावरच्या पंख्यात तो प्रश्न नाही. वजन नाकावर येतं, पण बॅटरी सीटमागे सरकवली की तोल साधतो. आखूड पट्टी, उन्हाळा, लांबचा पल्ला, नवखा वैमानिक, या सगळ्याला तोच पंखा योग्य होता. आजही मी तोच निवडीन. मी त्याला तसं सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमीच म्हनताय मग झालं."

पंखा आला. मी तो स्वतः चढवला. गव्हर्नर बसवला, आतल्या दांडीपासून गव्हर्नरच्या लीवरपर्यंत केबल टाकली. दांडी पूर्ण पुढे सारली की लीवर शेवटच्या स्क्रूला टेकली पाहिजे, तरच उड्डाणाला इंजिनाची पूर्ण गती मिळते. टेकत होती. मी त्याला बोटानं दाखवलं. मात्र नवी केबल पहिल्या काही उड्डाणांत ताणून बसते, तिला धरणारा क्लॅम्प थोडा सरकतो, म्हणून काही तास उडाल्यावर इंजिनावरचं झाकण उघडून ते पुन्हा बघायचं असतं. हे आमच्या कामातलं अगदी प्राथमिक आहे. त्याला मी तेही सांगितलं होतं, पण ते काम माझं होतं.

थंडीच्या सकाळी चाचणीसाठी तो एकटाच उडवत होता, नियमाप्रमाणे. विमान मस्त उठायचं. मी पट्टीच्या कडेला उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगायचो की पाती आता आडवी झाली, आता उभी झाली. चाचण्या संपल्या आणि एप्रिलातल्या एका सकाळी भंडारदऱ्याचं ठरलं.

मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बायकोनं थर्मासमध्ये चहा भरून दिला होता आणि उंचावर गार लागेल म्हणून, एप्रिलात, मफलर. पँटच्या खिशात दहाचा पाना होता. निघण्याआधी झाकण उघडून ती केबल बघायची होती.

पट्टीवर मला पांढरी गाडी दिसली. कारखान्याचे चेअरमन आले होते, सोबत चार-पाच माणसं, एकाच्या हातात हार. मला वाटलं, पहिल्या चक्करचा नारळ फोडायला बोलावलंय. मित्रानं मला बघितलं आणि लगबगीनं आला.

"मेजर, जरा शेपटीकडून धरा. भायेर काढू."

आम्ही दोघांनी पट्टीकडेच्या छपराखालून विमान ढकलत उन्हात आणलं. मी उजवीकडच्या दारापाशी गेलो, हँडलला हात लावला. मित्र मागून म्हणाला, "आज सायबांना घेऊन जातो. त्यांना दावायचंय भंडारदरा." मग हळू आवाजात, "पट्टी त्यांची हाय, मेजर. तुमी घरचेच."

मी हात काढला. चेअरमन माझ्याजवळून जाताना म्हणाले, "बटणं-बिटणं काही दाबायला लागत नाहीत ना हो? मला त्यातलं काही कळत नाही."

"न्हाई सायेब," मित्र म्हणाला, "आटोमॅटिक हाय. मेजरनीच निवडलंय. कुनीबी बसावं."

कुणीही बसावं. त्या वाक्यावर मला हिवाळ्यातला प्रत्येक दिवस उलटा दिसला. बाभळीकडे बघणं, माझ्याकडे न बघणं, एकट्या माणसाला जमलं पाहिजे. माझी जागा ज्यामुळे पाहुण्याची जागा होईल तो पंखा त्यानं माझ्याच हातानं निवडून घेतला होता. भात सोडून मी जे वजन कमी केलं होतं ते चेअरमनच्या अंगावर होतं.

पाना खिशात होता. मी झाकणाला हात लावला नाही. "थांबा, पाच मिनिटं केबल बघतो," एवढं म्हणायचं होतं. म्हटलं नाही. केबल सरकली आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण बघायला हवी हे पक्कं माहीत होतं. मी थर्मास उचलला आणि सावलीत जाऊन उभा राहिलो.

विमान धावायला लागलं आणि मला आवाजात कळलं. इंजिन पूर्ण गतीला जात नव्हतं. लीवर स्क्रूला टेकत नव्हती. थंडीत एकट्या माणसाला घेऊन हे कळलं नव्हतं. तापलेल्या हवेत दोन माणसांसह ते उघडं पडलं. पट्टी संपत आली तरी चाकं जमिनीवर. उठलं ते अगदी शेवटी, उसाच्या तुऱ्यांवरून, आणि तारांच्या वर इतकं थोडं की माझ्याशेजारचा हारवाला खाली बसला. मी उभाच होतो. मनात एकच म्हणत होतो, तारा, तारा, तारा.

ते भंडारदऱ्याला गेलेच नाहीत. एक लांब वळसा घेऊन परत उतरले. चेअरमन उतरले तेव्हा त्यांचा शर्ट घामानं भिजला होता. ते फार बोलले नाहीत. "उद्यापासून पट्टी बंद," एवढंच म्हणाले.

मित्राचा चेहरा पांढरा पडला होता. काट्यावर गती कमी दिसत होती हे त्याला दिसलं असणारच, पण आटोमॅटिक आपलं आपण बघून घेतं असं तो धरून बसला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"पंखा चुकला," तो म्हणाला. "पंखा मेजरनी निवडलाय."

मेजरनी निवडलं, हे त्यानं सर्वांसमोर म्हटलं. एका सकाळी दोनदा. आणि मी गप्प राहिलो. लोकांना वाटलं, मेजर खजील झाले. मला त्याक्षणी असं वाटत होतं की, याला आयुष्यभर वाटत राहू दे, पंखा चुकला म्हणून. दहाच्या पान्याचं काम होतं ते. मी ते कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तिनं मफलर घडी करून ठेवला आणि विचारलं, "दिसलं का धरण?" मी म्हटलं, "ढग होते." एप्रिलात.

विमान मळ्यातल्या शेडमध्ये परत गेलं आणि त्यावर ताडपत्री पडली. आम्ही भेटणं बंद झालं. टपरीवरची गोष्ट मला एसटीतल्या एका अनोळखी माणसानं सांगितली, मलाच, मी कोण हे न ओळखता. त्यात तोपर्यंत पंखा चिनी झाला होता आणि मेजरला कमिशन मिळालं होतं.

गेल्या वर्षी वहिनींचा फोन आला. मित्राची नजर गेलीय, साखरेनं. डॉक्टरांनी उडवण्याचा कागद दिला नाही, आता कधीच देणार नाहीत. "तुमी येऊन जा," त्या म्हणाल्या, "ते शेडात जाऊन नुसतेच बसत्यात."

मी गेलो. खिशात पाना घेऊनच गेलो. तो ताडपत्रीजवळ खुर्ची टाकून बसला होता. पावलांवरून त्यानं ओळखलं.

"या मेजर. बारीकच राहिलात."

मी ताडपत्री ओढली, झाकण उघडलं, क्लॅम्प सैल केला, केबल ओढून लीवर स्क्रूला टेकवली आणि आवळला. चहा गार व्हायच्या आत झालं. मग आम्ही बॅटरी चढवली, चाकांना दगड लावले आणि त्यानं सवयीनं, चाचपडत, इंजिन सुरू केलं. मी उजवीकडे बसलो होतो. पहिल्यांदाच. दांडी पुढे सारली. काटा चढला आणि जिथे जायला हवा तिथे जाऊन थांबला. शेड थरथरत होती. त्याला काटा दिसत नव्हता, पण आवाज कळला.

इंजिन बंद केल्यावर तो म्हणाला, "एवढंच हुतं?"

"एवढंच."

"कवा कळलं तुमाला?"

"विमान धावत होतं तेव्हा. पण बघायचं आधीच होतं. पाना खिशात होता. गाडी बघितली आणि बाहेर काढला नाही."

तो म्हणाला, "मी मेलो असतो की वो."

"हो."

माझ्यावर रागावण्याचा हक्क त्याला होता. पण मलाही एक विचारायचं होतं, आणि पुन्हा संधी मिळाली नसती. "आटोमॅटिक मागितलंत तेव्हाच चेअरमनचं ठरलं होतं?"

"व्हय. पट्टी मिळाली तवाच शबूद दिला हुता. पयली चक्कर त्यांची." त्यानं दांडीवर हात ठेवला होता. "तुमाला सांगायला तोंड न्हवतं. म्हनलं, पंखाच असा घेऊ की दुसरा मानूस लागायचाच न्हाई. मग आपसूक सुटंल."

म्हणजे मला वाटलेली काळजी वगैरे काही नव्हतंच. मी एसटीत ज्याच्यासाठी डोळे पुसले ते त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. हे मला त्या सकाळपेक्षा जास्त लागलं.

उठताना तो म्हणाला, "टपरीवर सांगतो मी. पंखा बरोबर हुता म्हून."

काही आठवड्यांनी मी मुद्दाम टपरीवर थांबलो. तो होता तिथे, काठी पायाशी, बरोबर ओळखीचे तिघं-चौघं. माझ्यासाठी चहा सांगितला गेला. त्यातला एकजण डोळा मारत म्हणाला, "काय मेजर, शेवटी पंखा चुकलाच ना?"

मी मित्राकडे बघितलं. त्याला माझा चेहरा दिसत नव्हता, पण मी गप्प आहे आणि त्याची वाट बघतोय हे त्याला नक्की कळलं. केबलचं सांगितलं असतं तर काटा वाचता आला नाही हे त्याचं निघालं असतं, आणि पाना खिशात राहिला हे माझं. त्यानं कुणाला झाकलं, स्वतःला की मला, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

"जाऊ द्या आता," तो म्हणाला, "जुनं झालं त्ये." आणि बटरची बशी चाचपडत माझ्याकडे सरकवली.